गारगोटीला गारगोटी म्हणणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या दिरांनी हॉस्पिटलमधून केला. "वहिनी गेल्या," म्हणाले, आणि त्याच दमात, "त्यांच्या माळा तुमच्याकडे राहिल्यात का हो काही?" तोंडात काहीतरी कडू आलं, ते महिना झाला तरी गेलेलं नाही...

यजमानांच्या बदलीनं त्या नागपूरहून लखनौला आल्या. आम्हीही तसेच. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं. ताई घरीच माळा ओवून विकायच्या. जांभळा जामुनिया, पिवळा सुनहला, गुलाबी स्फटिक. "अगं, सगळी एकाच आईची लेकरं," म्हणायच्या. "गारगोटीच ती. आत काय मिसळलं त्यावर रंग." मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, तीही रसायनशास्त्राची, त्यामुळे आमचं जमलं. एकदा अलीगंजहून एक बाई मुलाच्या परीक्षेसाठी सुनहला मागायला आली. "इससे गुरु मज़बूत हो जाएगा न, दीदी?" ताई म्हणाल्या, "बहनजी, जामुनिया है, भट्टी में पकाकर पीला किया है. अच्छा लगे तो पहनिए. और लड़के से कहिए, पढ़े." बाई हसत हसत माळ घेऊन गेली. पुढे ती दर दिवाळीला यायची.

मागच्या आठवड्यात आमच्या जवळच्या कपूरथला बाजारात दिरांचं नवं दुकान दिसलं. माल ताईंचाच. मागे हार घातलेला त्यांचा फोटो, खाली पाटी : 'स्व. सुनंदा दीदी के हाथों सिद्ध किए हुए रत्न'. मणी तुपाकुंकवानं बरबटलेले, वर माशा. ज्या घरात लग्न भटजीशिवाय लागलं, मयत भटजीशिवाय झालं, त्या घरातल्या बाईच्या नावावर हा चिखल. मला शिसारी आली.

"भाऊजी, पाटी काढा. ताई असलं कधी बोलल्या नाहीत."

"अहो मॅडम, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? आम्हालाही जगू द्या ना, यार."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. अलीगंजची तीच बाई. मी तिला सरळ सांगितलं, "इसमें कुछ सिद्ध-विद्ध नहीं है. दीदी यह सब मानती ही नहीं थीं." तिनं माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे. "हम तो बरसों इन्हीं से लेते थे," ती म्हणाली. "ये कभी झूठ नहीं बोलती थीं." आणि माळ कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली.

दीर हसले. मी समोरची एक माळ उचलली आणि निघाले. विचारलं नाही.

ओवण्याआधी ताई प्रत्येक मणी साबणाच्या पाण्यात धुवायच्या, खिडकीशी धरून भोक साफ झालंय का बघायच्या. मी घरी येऊन तेच केलं. भोकांत राख आणि तूप घट्ट बसलेलं, सुईनं टोकरून काढावं लागलं. पाणी लालसर, ओशट. किळस येत होती, तरी शेवटच्या मण्यापर्यंत धुतलं आणि नव्या दोऱ्यात ओवलं.

ती माळ घालून मी रोज त्याच बाजारात भाजीला जाते. मला बघितलं की दीर मान खाली घालतात, आणि फोटोपुढे आणखी एक अगरबत्ती पेटवतात.