सुधरली

आमच्याकडे माणूस अंगानं भरला की 'सुधरला' म्हणतात आणि वाळला की 'खराब झाला'. ताप नाही, खोकला नाही, तरी खराब. मीही जन्मभर हेच बोलत आले. आता मात्र कोणी माझ्या लेकीकडे पाहून 'सुधरली' म्हटलं की मी आधी तिचे पाय चाचपते.

लेक तेव्हा चार वर्षांची होती. नुसती काडी. बापावर गेलेली, त्याच्या घराण्यात कोणाला कधी पोट सुटलं नाही. पण हे अंगणवाडीतल्या भिंतीवरच्या तक्त्याला कोण सांगणार? त्याला तीन पट्टे, हिरवा, पिवळा, लाल. बाई पोरीला काट्यावर उभी करायच्या, भिंतीशी उंची मोजायच्या आणि ठिपका द्यायच्या. आमचा ठिपका कायम पिवळ्यात. पोरगी दिवसभर पिपरीच्या गल्ल्यांतून कुत्र्यामागे पळायची, साधी सर्दी नाही की पडसं नाही, तरी पिवळी! बाई स्वभावानं चांगल्या. "ताई, थोडं खाणं वाढवा तिचं," एवढंच म्हणायच्या. पण बाकीच्या आया आधी तक्त्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. असा संताप यायचा ना!

मग मी हात धुऊन पोरीच्या मागे लागले. सकाळी अंडं, दुपारी तुपानं माखलेला वरणभात, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू. पवनारहून सासूबाई केळी पाठवायच्या. ती तोंड फिरवायची, मी गाल धरून भरवायचे. नवरा म्हणायचा, "अवं, तिले भूक लागू तर दे. मी बी असाच होतो."

"तुम्ही अजून असेच आहात, तेच तर म्हणून राह्यली मी!"

आणि दिवाळीनंतर पोरगी भरली. बघता बघता गाल वर आले. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "अवं माय! सुधरली ना व पोरगी! काय चारून राह्यली तिले?" मी फुशारकीनं केळीचं नाव सांगितलं. अंगणवाडीत काटा पुढे सरकला, बाईंनी ठिपका हिरव्यात दिला आणि सगळ्या लेकरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मी राजगिऱ्याचे लाडू वाटले. सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "नजर लागन पोरीले. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकजो." टाकल्या.

पण जीव काही थाऱ्यावर राहीना. पोरगी जास्त जेवत नव्हती, उलट ताट सरकवत होती. कुत्रं फाटकाशी येऊन भुंकायचं आणि ही ओट्यावर बसून राहायची. सकाळी डोळे फुगलेले दिसायचे. झोप जास्त झाली असेल, मी म्हणायचे. अगं, हिरव्यात आहे ना आता? मग कशाला डोक्यात किडे? भांडी घासता घासता उठायचे, तिला बघून यायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. हिरव्या पट्ट्यानं माझं तोंड बंद केलं होतं, पण पाय काही एका जागी ठरत नव्हते.

एका सकाळी तिला आंघोळ घालताना पायातली तोरडी वर सरकवायला गेले, तर सरकेना. दिवाळीच्या आधी हीच तोरडी पायातून गळून पडायची, म्हणून मी ती दोऱ्यानं आवळली होती. दोरा कापून काढली तर खाली कातडीत तिची खूण रुतलेली. मी तिथं अंगठ्यानं दाबून पाहिलं. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच, भरेचना. मी किंचाळले असेन, कारण नवरा गॅसवरचा चहा तसाच टाकून धावत आला.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी तिचे पाय पाहिले आणि विचारलं, "लघवी कमी झाली आहे का? फेस येतो?"

दोन्हींचं उत्तर हो होतं. तरी मी म्हणाले, "मॅडम, पण वजन तर वाढलंय तिचं. हिरव्यात आली."

"ते वजन तिचं नाही," त्या म्हणाल्या. "पाणी आहे. किडनीतून प्रथिनं वाहून चालली आहेत, म्हणून अंगात पाणी साचतंय."

मला तक्त्याचा राग आला, काकूंचा आला, केळीचासुद्धा आला. तक्त्याला किलो कळतात. किलो कशाचे, ते त्याला काय ठाऊक? लेकरू ठणठणीत होतं तेव्हा त्यानं मला रडवलं, आणि लेकराच्या जिवावर बेतलं तेव्हा लाडू वाटायला लावले.

तिला तिथंच भरती करून घेतलं. औषधं सुरू झाली, मीठ बंद झालं. रोज सकाळी तिला काट्यावर उभी करायचे. जिनं एवढे दिवस देवाला 'वजन वाढू दे' म्हटलं, तीच मी आता हात जोडून 'उतरू दे रे बाबा' म्हणत होते. उतरलं, थोडं थोडं करत. सुजेखालून तिच्या नाकाचा शेंडा परत आला, मग बापासारखी टोकदार हनुवटी.

घरी आलो, ऑटोतून उतरलो तर काकू फाटकातच उभ्या. "अगं माय! काऊन इतकी खराब झाली व पोरगी?"

"हो काकू," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "खराब झाली. लई बरी झाली."

डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय, हे दुखणं उलटू शकतं. वर त्या गोळ्यांनी भूकही वाढते, गालही वर येतात. म्हणजे गाल दिसले की मला कळत नाही, हे जेवण आहे, गोळी आहे की पाणी. म्हणून रोज सकाळी मी तिच्या नडगीवर अंगठा दाबते आणि खड्डा पडतो का बघते. आता तिलाही सवय झाली आहे. दात घासून झाले की स्वतःच पाय पुढे करते आणि माझ्या तोंडाकडे बघत हळूच विचारते, "मम्मी, मी सुधरली तर नाई ना?"

"नाई व माझी माय," मी म्हणते. "खराबच आहेस तू."

तेव्हा कुठे ती हसते आणि कुत्र्यामागे पळते.