डुन्नेच्या हातचं शिंग

आमच्या लिंडसीच्या छोट्या राज्यात राजाला शपथ घ्यावी लागत नाही. शेतकऱ्याने बारा जण साक्षीला उभे करून घ्यावी, आम्ही मठातल्या बायकांनी वेदीवर हात ठेवून घ्यावी. राजा नुसता बोलला की ते खरं. आणि हा राजा तरी केवढा? ब्योर्नहार्ड. ट्रेंट नदीपलीकडे मर्सियाच्या राजापुढे दर वर्षी गुडघे टेकतो. इकडे आला की छाती फुगलेली!

आमची डुन्ने मधाची दारू करते. खांदे रुंद, तोंड फाटकं. जन्माने ती राजाच्या आत्याची गुलाम. म्हातारीने मरण्याआधी तिला चव्हाट्यावर नेलं, चारी वाटा दाखवल्या आणि म्हणाली, “सुटलीस. हवी ती धर.” साक्षीला आम्ही तिघं होतो. दोघं तापाने गेले, उरले मी. डुन्ने मात्र कुठेही गेली नाही. म्हणाली, “जाऊ कुठे? माझ्या मधमाश्या इथेच आहेत.”

गेल्या वर्षी सुगीनंतर राजा लवाजम्यासह जेवायला आला. गावाने दोन डुकरं कापली. दारूने भरलेलं पहिलं शिंग गुलामाच्या हातून घेणं राजाला लाजिरवाणं, म्हणून तो विचारतो, “हात कोणाचा?” आणि आपणच म्हणतो, “स्वतंत्र बाईचा.” मगच ओठाला लावतो. त्या दिवशी शिंग डुन्नेने दिलं. राजा रीतीप्रमाणे बोलला, प्यायला, मिशा पुसल्या.

चौथ्या शिंगाला त्याचा कारभारी हुन्ना कानाला लागला. राजा म्हणाला, “अशी दारू माझ्या घरी हवी. ही तर आत्याची गुलाम. आत्या गेली, आता माझी. उद्या गाडीत घाला.”

मी उठले. “तिला सोडलं तेव्हा मी तिथे होते. शपथ घेते!”

“बसा माई,” हुन्ना म्हणाला. “राजाच्या शब्दापुढे तुमची शपथ म्हणजे वाऱ्यावरचा भुसा.”

वीस वर्षं मठात लॅटिन घोकलं, त्यातला एक शब्द कामी येईल तर शपथ!

डुन्ने मात्र कमरेवर हात ठेवून पुढे झाली. “येते की, महाराज. फक्त एवढं सांगा, मघाशी शिंग कोणाच्या हातून घेतलंत? गुलामाच्या? मग वाटेत भेटेल त्याला तसं सांगत जाते.”

“हळू गं,” लोहार ओरडला, “मर्सियात ऐकू जाईल!”

लोक हसले. राजाचा चेहरा बिटासारखा झाला. मग गावची वडीलधारी मंडळी एकमेकांत कुजबुजली आणि निवाडा काय केला? राजाचे दोन्ही शब्द खरे! शिंग देणारी ही स्वतंत्र, आत्याची गुलाम ती कोणी दुसरी डुन्ने असणार. दुसरी डुन्ने! दलदलीपासून समुद्रापर्यंत एवढी एकच आहे. खोटं बोलला, असं त्याच्या तोंडावर म्हणायची एकाची छाती झाली नाही. उलट तिलाच वाकून आभार मानायला लावले. माणूस चोरायला निघालेल्याचे आभार!

मी परतताना धुमसत होते. डुन्ने म्हणाली, “माई, तुम्ही चिडा. मला माश्यांची पोळी झाकायचीत.”

यंदा राजा पुन्हा आला. शिंग तिनेच दिलं. त्याने हात पुढे केला, पण तिने शिंग सोडलं नाही.

“हात कोणाचा?” तो पुटपुटला. “स्वतंत्र बाईचा.”

“जरा मोठ्याने, महाराज. कारभाऱ्यांना ऐकू आलं नाही.”

तो मोठ्याने बोलला. तेव्हा कुठे तिने बोटं सैल केली.