फक्त काही प्रीफेटरी रिमार्क्स

ज्याला अध्यक्ष करता येत नाही आणि वगळलं तर जो रुसतो, त्याला आमच्याकडे प्रास्ताविक देतात. आईच्या निरोप समारंभात ते राजारामपुरीतल्या एका प्राध्यापकांना दिलं होतं. हे आईच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान. कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायचे, म्हणजे वर्गात इंग्रजी बोलायचे. शिकायचो आम्ही गाईडवरून.

आई मूळची शिरोळकडची. पहिलीच्या पोरींना शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली, पण भाषण असं तिनं जन्मात केलं नव्हतं. पोरींना जाता जाता काहीतरी सांगायचं म्हणून आठ दिवस स्वयंपाकघरात पुटपुटत होती. वहीचे दोन कागद टपोऱ्या अक्षरात भरले होते.

प्राध्यापक उठले, कोट सारखा केला. “मला फक्त काही प्रीफेटरी रिमार्क्स करायचे आहेत.” समोर सतरंजीवर सहा-सहा वर्षांच्या मुली! साधं प्रास्ताविक म्हटलं असतं तर कोटाला सुरकुती पडली असती बहुधा. मग प्रीफेटरी म्हणजे काय ते सांगितलं, लॅटिनमधून ते कसं आलं ते सांगितलं, तिथून ग्रीकांची शिक्षणपद्धती काढली. तासाभरानं म्हणतात, “आता मूळ विषयाकडे येण्यापूर्वी...” मुख्याध्यापिकाबाई मान डोलावत होत्या. घरी ऐकून सवय झाली असणार. आईचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

दिवस मावळायला लागला तसे पालक फाटकातून आत आले. “पावणं, जरा सरका की,” म्हणत आपापली पोर उचलून नेऊ लागले. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून ‘सर, आवरा आता’ म्हणायला काय झालं होतं मला? वर्षाअखेरचे पेपर त्यांच्या हातात होते, एवढंच. ते थांबले तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या मी. अजून लाज वाटते.

आईची पाळी आली तेव्हा सतरंजी रिकामी होती. खुर्च्यांवर शिक्षक तेवढे जांभया देत उरले होते. ती उठली, “सगळ्यांची मी आभारी आहे,” एवढं म्हणून खाली बसली.

घरी आल्यावर मी म्हणालो, “आई, मला तरी वाचून दाखव.”

ती कागदांची घडी करत होती.

“तुला काय दाखवू? पोरींसाठी लिवलं हुतं की. त्या गेल्या न्हवं घरला.”