वावटळीच्या पोटात

लाइट जाते, पंखा सुस्तावत थांबतो आणि भर दुपारच्या उकाड्यात वैजयंताचा डोळा लागतो. लागतो म्हणजे काय, अर्धा उघडाच! पलंगाला टेकवलेली काठी अजून दिसतेय. ऑपरेशननंतर गुडघा ठणठणीत झालाय असं डॉक्टर घसा फोडून सांगतात, पण बाईंना काठी सोडवत नाही. पडले तर?

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" उशाशी कुणीतरी म्हणतं.

द्वारकाआत्या! गेल्या उन्हाळ्यात गेलेली. लुगड्याचा काष्टा खोचलेला, तोंडात सुपारी.

"ऊठ गं वैजे. निघाली बघ वावटळ."

वैजयंता काठी घेऊन दार उघडते. बाहेर जिना असायला हवा, पण समोर दवाखान्याचा लांबच लांब बोळ आहे. फिनेलचा वास येतोय आणि टोकाला फरशी संपून काळी ढेकळं सुरू होतात. अगंबाई, हे तर आत्याचं शेत! मधोमध ती ताडमाड वावटळ, पाचोळा गरगरवत चाललेली.

लहानपणी दोघी उन्हाळाभर तिच्यामागे धावायच्या. आत्याला एकच हौस, एकदा तिच्या पोटात शिरून बघायचं. आणि दर वेळी अगदी जवळ गेल्यावर वैजी घाबरून पायातली चप्पल भिरकावायची. वावटळीत भूत असतं, चप्पल मारली की पळतं, असं सगळं गाव म्हणायचं. झालं! वावटळ तिथंच विरायची आणि आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. एकदा तर चप्पल सापडलीच नाही. तापल्या भुईवरून आत्यानं तिला पाठुंगळी घरी आणली.

"आज काही फेकलंस तर याद राख," आत्या बजावते.

"पण आत्या, भूत..."

"अगं येडे, आता भूत मीच की!"

वैजयंताला असं हसू फुटतं की काठी हातातून कधी गळते, कळतही नाही. ती धावत सुटते. गुडघा? कुठला गुडघा! आधी आत्या तिला ओढतेय, मग तीच आत्याला ओढतेय. वावटळ हुलकावणी देते, दोघी वळतात. दातांत धूळ कचकचते. हात सवयीनं पायाकडे जातो.

"वैजेऽऽ!"

हात मागे येतो. ती डोळे मिटते आणि शिरते.

आत सगळं शांत आहे. भोवती पाचोळा फिरतोय, वर निळंशार आभाळ.

"शिरलो गं आत्या! शिरलो!"

"म्हटलं नव्हतं तुला?" आत्या हसतेय आणि डोळेही पुसतेय. ती वाकून पाचोळ्यातलं काहीतरी उचलते आणि वैजयंताच्या हातात कोंबते. "तुझं तुला. अनवाणी हिंडू नकोस."

"तूही चल ना घरी."

"छे गं! आत्ता कुठं ऐसपैस जागा मिळालीय."

पंखा घरघरतो. वैजयंता जागी होते ती गॅलरीच्या दारात, उभीच.

"अहो आई, काठी!" सून धावत येते.

"असू दे तिथंच."

वैजयंताला आत्याची फार फार आठवण येते, आणि तरी हसू काही थांबत नाही. ती हात उघडून बघते. तळव्यावर मावेल एवढी चामड्याची चप्पल आहे, एकाच पायाची, काळ्या मातीनं माखलेली.