पुडीवरची आई

माझ्या भावाला सगळा बाजार 'वैद्यदादा' म्हणतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! सख्खा भाऊ आहे, पण खोटं कशाला बोलू?

त्याचं औषधी मुळ्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत बसून मी चूर्ण पुड्यांत भरते. प्रत्येक पुडीवर आमच्या आईचा हसरा फोटो, खाली 'आईच्या हातचं'. आईनं आयुष्यात एक मुळी कुटलेली नाही. तरी त्या फोटोचं तिला कोण कौतुक! आल्यागेल्याला दाखवायची.

आईला जुना खोकला. रोज सकाळी दादाच्याच दुकानातलं ज्येष्ठमध कोमट पाण्यातून घ्यायची, पण खोकला काही हटेना. खोकून खोकून बरगड्या धरून बसायची आणि वर म्हणायची, "हल्ली ते गोडच लागत नाही गं. माझी जीभच मेली."

एकदा मागच्या दारी पोती उतरली आणि शिळ्या काढ्याचा आंबूस वास आला. हमाल सहज बोलून गेला, "अर्काच्या कारखान्यातला चोथा आहे, ताई." ज्येष्ठमधाची गोडी ज्या द्रव्यामुळे असते, गुणही बराचसा त्यातच. ग्लायसिरायझिन म्हणतात त्याला. कारखाना नेमकं तेच काढून घेतो. उरलेला भुसा हा मेला दादा आणून वाळवायचा, पिवळा रंग चोळायचा आणि दळायचा. शी! आणि तो मी याच हातांनी पुड्यांत भरत होते.

"आणि आईला काय देतोस?" मी विचारलं.

"तेच. तिला कुठे कळतंय?" दादा दात कोरत म्हणाला.

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. जिनं जन्म दिला, तिच्याच मुळावर उठला होता. मी दुसऱ्या दुकानातून अस्सल मुळी आणून आईला दिली. तिनं चघळली.

"अगंबाई! गोड आहे की!" ती हसली. मग तिचं हसू मावळलं. तिच्या जिभेला काहीच झालं नव्हतं.

संध्याकाळी दादा घरी आला. आईनं त्याच्याच पुडीतलं चमचाभर चूर्ण काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"आ कर, बाळा."

दादानं तोंड फिरवलं. "नको. रंग असतो त्यात," तो पुटपुटला.

आईनं चमचा खाली ठेवला. पुडी मांडीवर घेतली आणि नखानं फोटोतला स्वतःचा चेहरा खरवडायला लागली.