बिनआवाजी शिकवणी

सूतगिरणीत यंत्रांचा असा गदारोळ, की शेजारणीने कानात बोंब मारली तरी पत्ता लागू नये. म्हणून तिथल्या बाया घसा शिणवतच नाहीत. नुसते ओठ हलवायचे, समोरचीने वाचायचे. सासूच्या चुगल्यांपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळा कारभार बिनआवाजी.

एकाच घरच्या दोघी जावा तिथे समोरासमोर उभ्या राहून तुटलेले धागे जोडायच्या. थोरली कायम, धाकटी कंत्राटी. काम तेच, पगार मात्र धाकटीला निम्मा. त्यात नवी यंत्रं आली, आपला धागा आपणच जोडणारी. ती चालवायच्या परीक्षेत जी पास होईल ती राहील, बाकीच्यांना नारळ. आणि शिकवणार फक्त कायम बायांना! कंत्राटींनी परीक्षा द्यायची, पण शिकायचं नाही. या शहाणपणाला काय म्हणावं?

थोरली सकाळी शिकून यायची आणि दुपारच्या पाळीत, हात धाग्यांवर ठेवून, ओठांनी सगळं धाकटीला सांगायची. अगदी मुकादमाच्या नाकासमोर. त्याला वाटे, बायकांच्या गप्पा चालल्यात.

"जागा थोड्या आहेत गं," बाकीच्या कायम बाया थोरलीला म्हणाल्या. "स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

थोरलीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. धाकटी थक्क झाली. घरी डब्याच्या झाकणावरून भांडणारी ती हीच का बाई?

परीक्षेच्या खोलीत चिडीचूप शांतता होती.

"लाल दिवा लागला तर काय कराल?" इंजिनिअरने विचारलं.

धाकटीने घडाघडा उत्तर दिलं. तो वाट बघतच राहिला.

"बोला ना, बाई."

ती पुन्हा बोलली. म्हणजे, तिला तसं वाटलं. ओठ हलत होते, आवाजाचा मागमूस नव्हता. शिकलीच होती तशी बिचारी. इंजिनिअरने मान हलवली आणि पुढचीला बोलवायला हात वर केला.

"अगं, आवाज काढ!" दारात आपल्या नंबरची वाट बघणारी थोरली ओरडली.

मग धाकटी जी सुटली, की इंजिनिअर खुर्चीसकट मागे सरकला. एकही उत्तर चुकलं नाही.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले. कंत्राटीला शिकवणं म्हणजे नियम मोडणं. जाऊबाईंचीच नोकरी गेली तर?

"मी शिकवलं," थोरली म्हणाली.

"बाई, उद्या ही निम्म्या पगारात तुमची जागा घेईल. कळतंय का?"

"घेऊ दे. घरातली जागा घरातच राहील. पण निम्म्यात नाही हं. माझा पगार द्यायचा तिला."

"पगार माझ्या हातात नाही," तो खाली बघत म्हणाला. "त्या पास आहेत, एवढं माझ्या हातात आहे."

धाकटी थोरलीकडे बघतच राहिली. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आणि ही बाई एवढी मोठी आहे हे तिला आज दिसत होतं. तिचे ओठ हलले, आवाज पुन्हा गेला. त्या खोलीत ते वाचता येणारी एकच होती.

"रड नंतर," थोरली म्हणाली. "आधी सरक. माझी परीक्षा राहिलीय."