आबांचा बैल अनफिट

बैलाच्या खुराला पॉलिशचा वास येत होता. बुटाच्या काळ्या पॉलिशचा! मी खाली बसून हुंगत होते आणि कासरा धरून माझे सासरेच उभे.

आमच्या आंबेगाव तालुक्यात यात्रेला बैलगाडे पळतात. पळण्याच्या पाळीला बारी म्हणतात. बारीआधी प्रत्येक बैलाला जनावरांच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ड्युटीवरचे डॉक्टर ऐनवेळी आजारी पडले, म्हणून साहेबांनी मला पाठवलं.

"साहेब, ते गाव माझं सासर आहे."

"उत्तम! जेवणाची सोय झाली."

घ्या! आता बोला.

"आबा, खूर का रंगवलाय?"

"यात्रा हाय सूनबाई. शिंगं रंगवत्यात, तसा खूर."

"एकच?"

"पॉलिश संपलं."

डबी माझीच, संपणारच! ओल्या फडक्यानं खूर पुसला. खाली ही मोठी भेग. जरा दाबली तर बैलानं पाय झटकला. आमच्याकडच्या गाड्यावर हाकणारा नसतो. भरधाव सुटलेला बैल अडखळला, तर गाडा कडेच्या माणसांत घुसतो.

"अनफिट," मी म्हटलं.

आबांचं तोंड एवढंसं झालं. "अगं, पयली बारी आपल्या घराची, मानाची! समदं पावणं आल्यात. तोंड कुठं लपवू?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग जास्त आला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सकाळी मला चहा करून दिला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं!

तेवढ्यात रांगेतले गाडामालक धावून आले, आबांच्या बाजूनं. सगळ्यात पुढं बबनभाऊ. बांधावरून आबांशी यांचं वर्षानुवर्षांचं भांडण.

"डॉक्टरीणबाई, म्हाताऱ्या माणसाचा मान ठिवा!"

हा कळवळा कुठून आला, मला कळेना. मग त्यांचा बैल दिसला. तीन पायांवर उभा, चौथा नुसता टेकवलेला. आबा सुटले असते, तर बबनभाऊंना मी कुठल्या तोंडानं अडवणार होते?

"आबांना अनफिट लिहिलंय. आता तुमचा बघू?"

"आमचा? आमी नुस्ता यात्रा दावाया आणला व्हता त्येला!" बबनभाऊंनी बैल वळवला. मागचे दोघंही वळले. उरलेल्यांनी मुकाट्यानं बैल तपासून घेतले.

मानाची बारी दुसऱ्याच घरानं मारली. आबा कितीतरी दिवस माझ्याशी भाकरीपुरतंच बोलत.

पुढं बेल्ह्याच्या बाजारात ते दुसरा बैल विकायला गेले. मी तपासून सर्टिफिकेट दिलं होतं. व्यापारी हसला, "डॉक्टर तुमच्याच घरची. लिवलं आसंल काय बी!"

आबा खवळले. "काय बी? आख्ख्या गावाम्होरं माझा बैल भायेर काढलाय तिनं! इचार कुनाला बी!"

बैल तिथल्या तिथं विकला गेला. ज्या सहीनं एकदा घरच्यांना नडवलं, तिलाच बाजारात पत मिळते.

पुढं आम्ही जुन्नर-आंबेगावच्या डॉक्टरांनी आपापसात ठरवलं, की सासर-माहेरच्या गावात कुणी सही करायची नाही. यात्रेतला तो ताप परत कुणाला नको. नियम सगळ्यांना पटला. एकटे आबा तेवढे विरोधात आहेत.

"परक्या डॉक्टरला काय पडलंय?" ते म्हणतात. "सासऱ्याला नडायला घरचीच सून पायजे!"